किती कॅमेरे, किती लेन्स?



वाडीत राहणाऱ्यास वजनाचा विचार टाळता येत नाही. अमरावती मार्गाने ये-जा करणारे ट्रक, ट्रान्सपोर्टची गोदामे आणि धर्मकाट्यासमोर उभ्या असलेल्या गाड्यांची रांग हे येथील रोजचे दृश्य. गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरून तोलायची आणि दोहोंतील फरकावर हिशेब करायचा. मागील महिन्यात परिचयातील एका व्यापारी कुटुंबातील तरुण मुलगा खांद्यावर मोठी पिशवी घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा त्यालाही मी प्रथम तोच मार्ग दाखविला.

त्याच्या घरची मंडळी हिवाळ्याच्या सुटीत पेंचला आणि तेथून परतल्यावर मुक्तागिरीस जाणार आहेत. सोबत आजी, आई-वडील, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. पिशवीत दोन कॅमेरे, पाच लेन्स, फ्लॅश आणि तिपाई. "काका, यातले काय नेऊ आणि काय घरी ठेवू?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "आधी तुमच्या दुकानातील काट्यावर ठेवून पाहा." दुसऱ्या दिवशी त्याचा दूरध्वनी आला. पिशवी सहा किलो आठशे ग्रॅम भरली होती. हे सांगताना त्याला हसू आले. मला मात्र आले नाही, कारण तशीच एक पिशवी मी मुक्तागिरीच्या पायऱ्यांवर वाहिली होती आणि तिची किंमत मला ठाऊक आहे.

ती गोष्ट २०१३ सालची. त्यापूर्वी तीन वर्षे, वेतनकराराची थकबाकी हाती आली तेव्हा मी दुसरा कॅमेरा घेतला होता. त्यानंतर लेन्स वाढत गेल्या. माणूस एकदा या छंदात पडला की प्रत्येक दृश्यासाठी आपल्याकडे एक लेन्स कमी आहे असे त्यास वाटू लागते. क्षमावणीनंतरच्या रविवारी आम्ही दोन कुटुंबे मुक्तागिरीस निघालो. सातपुड्याच्या कुशीतील ते सिद्धक्षेत्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. बावन्न मंदिरे, डोंगराला बिलगून वर जाणाऱ्या पायऱ्या आणि पावसाळ्याच्या अखेरीस भरून कोसळणारा धबधबा. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, त्यांचे कापडाचे दुकान होते. चाळीस वर्षे त्यांनी गादी सोडली नव्हती. त्या दिवशी मात्र ते सर्वांच्या पुढे चालत होते.

अर्ध्या वाटेवर ते एका पायरीवर टेकले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसले, मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि माझी झालेली दमछाक पाहून मोकळेपणाने हसले. त्यांच्या मागे धबधबा होता आणि उजेड अगदी कोवळा होता. माझ्या गळ्यातील कॅमेऱ्यास तेव्हा दूरची शिखरे टिपण्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स लावलेली होती. इतक्या जवळून तिच्यात दादांचा चेहराही पुरता मावेना. दुसरा कॅमेरा पिशवीत होता आणि त्यास फुलांसाठीची मॅक्रो लेन्स होती. "दादा, एक मिनिट, लेन्स बदलतो," असे म्हणून मी पिशवी उघडली. पुढचे झाकण, मागचे झाकण, काढलेली लेन्स कोठे ठेवायची ही चिंता आणि वरून येणारे पाण्याचे तुषार. मी मान वर केली तोवर दादा उठून चालू लागले होते. "अरे, तुझी दुकानदारी माझ्यापेक्षा मोठी झाली," एवढेच ते म्हणाले.

पुढील वर्षी, फाल्गुनात, दादा गेले. दुकानात लावण्यासाठी छायाचित्र हवे म्हणून पुतण्या माझ्याकडे आला. घरात छायाचित्रकार म्हणून माझेच नाव! त्या सहलीतील साडेतीनशे छायाचित्रे मी पुन्हा पाहिली. शिखरे होती, धबधबा होता, शेवाळलेल्या दगडावरचे फूलही होते. दादा दोन छायाचित्रांत सापडले, दोन्हींत पाठमोरे. शेवटी एका लग्नाच्या समूहचित्रातून त्यांचा चेहरा कापून मोठा करावा लागला. आजही दुकानात तेच चित्र आहे. त्याच्या उजव्या कडेला कोणाचा तरी खांदा दिसतो.

त्यानंतर मी जे केले, ते बँकेतील माणसास शोभेल असेच होते. मी हिशेब काढला. आजचा कॅमेरा प्रत्येक छायाचित्रासोबत कोणती लेन्स वापरली आणि ती किती पल्ल्यावर होती, याची नोंद ठेवतो. संगणकावर ती सहज वाचता येते. दोन वर्षांच्या सर्व सहलींतील, जपून ठेवावीत अशी छायाचित्रे मी निवडली आणि प्रत्येकासमोर लेन्सचे नाव लिहिले. पाचांपैकी चार छायाचित्रे एकाच लेन्सची निघाली: २४ ते १०५ मिलिमीटरची, जी मी सर्वांत सामान्य समजत होतो. अतिरुंद कोनाची लेन्स दोन वर्षांत केवळ तीनदा उपयोगी पडली होती. मॅक्रो लेन्सने दिलेली छायाचित्रे आमच्याच अंगणात काढलेली होती. तिला डोंगरावर नेण्याचे कारण नव्हते.

नोकरीच्या काळात तारण मालाच्या तपासणीसाठी मी अनेक गोदामांत फिरलो. वर्षानुवर्षे न हललेली थप्पी दाखवून मालक सांगत, "साहेब, कधीतरी गिऱ्हाईक येईलच." आपणां व्यापाऱ्यांस हे निराळे सांगणे नको, की असा माल जागा अडवतो आणि शिवाय व्याज खातो. पिशवीतील न वापरलेली लेन्सही तसेच व्याज खाते. ते व्याज खांद्याच्या दुखण्यात द्यावे लागते, चुकलेल्या क्षणांत द्यावे लागते आणि सोबतच्या माणसांच्या वाट पाहण्यातही द्यावे लागते. आपल्या घरांत तर सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असते. छायाचित्रासाठी उत्तम प्रकाश नेमका त्याच तासाभरात असतो. तिपाई मांडत आणि लेन्स बदलत बसलेल्या माणसासाठी सारी पंगत किती वेळ थांबणार?

"पण ऐनवेळी कॅमेरा बंद पडला तर?" असे त्या तरुणाने विचारले. प्रश्न योग्य आहे. मात्र विमा उतरवताना जोखीम कोठे आहे हे आधी पाहावे. कॅमेरा सहसा बंद पडत नाही. बॅटरी संपते, थंडीत अधिक लवकर संपते. मेमरी कार्ड भरते किंवा क्वचित बिघडते. एक जादा बॅटरी आणि एक जादा कार्ड मिळून मुठीत मावतात. बहुतेक संकटांचा विमा त्यांतच उतरतो. दुसरा कॅमेरा केवळ भीतीपोटी नेऊ नये, त्याला काम असेल तरच न्यावा.

असे काम खरोखर असते, आणि ते पेंचमध्ये असते. सिल्लारीच्या किंवा खुर्सापारच्या प्रवेशद्वारातून उघड्या जिप्सीत बसून आत गेल्यावर धूळ उडते. त्या धुळीत लेन्स काढली की कॅमेऱ्याच्या आतील संवेदकावर कण बसतात आणि पुढच्या प्रत्येक चित्रातील आकाशावर डाग उमटतो. वाघ तर कोणासाठीच थांबत नाही. म्हणून जंगलात दोन कॅमेरे न्यावेत: एकावर लांब पल्ल्याची लेन्स आणि दुसऱ्यावर साधी, जिने झाडे, तलाव आणि जिप्सीतील आपली माणसे टिपता यावीत. दोन्ही लेन्स दिवसभर जागच्या हलवू नयेत. गाडी वजन वाहते, त्यामुळे तेथे खांद्याचा प्रश्न नाही. मोठ्या लेन्सच्या खरेदीची घाई मात्र करू नये. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स सुमारे ४५० मिलिमीटरचे दृश्य देते. १५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स एकटीच दोन किलोंच्या आसपास भरते.

तीर्थयात्रेचा हिशेब वेगळा. तेथे एक कॅमेरा आणि मध्यम पल्ल्याची एक लेन्स पुरे. जोडीला काही हवेच असेल तर ५० मिलिमीटरची एफ १.८ ही लहान लेन्स खिशात ठेवावी. तिचे वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर असते आणि एफ ४ च्या लेन्सपेक्षा ती सुमारे पाचपट प्रकाश आत घेते. त्यामुळे धर्मशाळेच्या मंद दिव्यात बसलेल्या माणसांचे चेहरे फ्लॅशशिवाय टिपता येतात. मंदिरात छायाचित्रणाची अनुमती आहे की नाही हे आधी विचारावे. कॅमेऱ्याचा पट्टा आणि पेटी चामड्याची नसावी, कापडी असावी. वेरूळसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिपाईसाठी वेगळी परवानगी लागते, तेव्हा ती घरीच ठेवलेली बरी. सकाळी अंबाझरीच्या काठी पक्षी पाहण्यास एकट्याने जाताना मी केवळ लांब पल्ल्याची लेन्स नेतो. तेथे माझ्यासाठी कोणी थांबलेले नसते.

ज्यांना हे फारच कमी वाटेल, त्यांनी लाला दीनदयाळ यांचे स्मरण करावे. १८४४ साली सरधना येथे एका जैन जवाहिर कुटुंबात जन्मलेला हा माणूस रुडकीत अभियांत्रिकी शिकला, इंदूरला नोकरीस लागला आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. सर लेपेल ग्रिफिन यांच्यासोबत फिरून त्यांनी टिपलेल्या मध्य भारतातील वास्तूंचे पुस्तक १८८६ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या उमेदीच्या काळात छायाचित्र म्हणजे लाकडी कॅमेरा आणि काचेच्या जड पट्ट्या. ओल्या पट्टीच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे आणि लगेच धुवावे लागे. म्हणून काळोखाचा तंबूही सोबत न्यावा लागे. त्यांचे ओझे आपल्यापेक्षा कितीतरी मोठे होते, परंतु त्यातील प्रत्येक वस्तूवाचून चित्र निघणेच शक्य नव्हते. एका काचेवर एकच चित्र, म्हणून काय टिपायचे हे कॅमेरा मांडण्याआधीच ठरवावे लागे. पुढे फ्रान्सचे ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी छोटा लायका कॅमेरा आणि मुख्यतः ५० मिलिमीटरची एक लेन्स एवढ्यावर आयुष्याचे काम केले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही काळ आधी, ते गांधीजींना भेटले होते. दोघांच्या सामानात जमीन-अस्मानाचे अंतर होते, पण निघण्यापूर्वी निर्णय झालेला असे, ही गोष्ट दोघांत समान होती.

परिग्रह-परिमाणाचे व्रत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातील व्यवहाराचा भाग मला दादांच्या जाण्यानंतर उमगला. वस्तू समोर आल्यावर तिला नाही म्हणणे अवघड असते. म्हणून मर्यादा आधी, शांतपणे, घरी बसून आखायची. परिग्रह वस्तूपेक्षा तिच्यावरील आसक्तीत असतो असे सांगतात. त्या पायरीवर माझे सारे चित्त लेन्सच्या झाकणात गुंतले होते, आणि समोर माझा भाऊ हसत होता.

म्हणून आता निघण्याच्या आदल्या रात्री मी स्वतःस एकच प्रश्न विचारतो: या सहलीतील कोणते छायाचित्र मिळाले नाही तर वर्षभर हळहळ वाटेल? त्या छायाचित्रास लागणारी लेन्स कॅमेऱ्यावर चढवितो आणि बाकीच्या कपाटात ठेवून कुलूप लावतो. त्यामुळे एखादे चांगले दृश्य हातचे जाते. मागील वर्षी रामटेकच्या गडावरून दूरच्या पाण्यावर उतरणारा पक्ष्यांचा थवा मला टिपता आला नाही. तो मी आणि पत्नीने बसून पाहिला.

त्या तरुणास मी हेच सांगितले. पेंचसाठी दोन कॅमेरे आणि दोन लेन्स, मुक्तागिरीसाठी एक कॅमेरा आणि एक लेन्स, फार तर खिशात ५० ची. त्याने पिशवी पुन्हा तोलली. मुक्तागिरीची पिशवी दोन किलोंच्या आत आली. मोकळ्या झालेल्या हातांत मुलीला उचलून घेता येईल, हे त्याच्या पत्नीने लगेच ओळखले. निघताना मी त्यास एवढेच म्हणालो की पहिले छायाचित्र आजींचे काढ, शिखरांचे नंतर.

वाचकहो, आपणही या सुट्यांत कोठेतरी जालच. त्याआधी एक काम करावे. घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचे एकट्याचे, समोरून घेतलेले आणि त्यांना स्वतःला आवडलेले छायाचित्र आपल्याकडे आहे काय, हे पाहावे. नसेल तर त्यासाठी डोंगर चढण्याची गरज नाही. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ खुर्ची ठेवावी, त्यांच्याशी दोन शब्द बोलावे आणि हाताशी असेल त्या एका लेन्सने ते काढून घ्यावे.