यंत्र निर्हेतुक, उत्तर मात्र कोणाचे?

‘गूगलवर आहे, म्हणजे खरेच’ असे मानणारा एक पक्ष आहे. ‘गूगल मुद्दाम खोटे दाखवते’ म्हणणारा दुसरा. भांडणारे हे दोघे एका बाबतीत सारखेच चुकतात: शोधयंत्राला ते स्वतः जे दाखवते त्याचा अर्थ कळतो, असे ते गृहीत धरतात.

पहिला पक्ष तपासू. आपण शब्द टाकतो तेव्हा यंत्र जगभर धावत सुटत नाही. क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम दुव्यांमागून दुवे धरत पाने आधीच गोळा करतात, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची बनते आणि आपला प्रश्न त्या सूचीवर चालतो. मग लागतो क्रम. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी मांडलेले पेजरँकचे तत्त्व असे: ज्या पानाला वजनदार पानांचे दुवे, ते पान वजनदार. आज त्यात इतर अनेक निकष मिसळले आहेत. पण दुवे मोजून मान्यता कळते, सत्य नव्हे.

बेंगळुरूचे के. आर. पुरमच पाहा. २५ मार्च २०२३ रोजी तिथून व्हाइटफील्डपर्यंतच्या मेट्रोचे उद्घाटन झाले. शहराकडचा बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा तुकडा मात्र ९ ऑक्टोबरला जोडला गेला. मधल्या काळात शहरातून येणाऱ्याला ‘बैयप्पनहळ्ळीला उतरून बस धरा’ हा सल्ला अचूक होता. मार्ग जुळताच तो चुकीचा ठरला. तरी तो देणारे पान तसेच राहते, दुवेही तसेच राहतात, आणि जुना सल्ला वरच्या क्रमावर टिकू शकतो.

आता दुसरा पक्ष. जून २०२१ मध्ये ‘भारतातील सर्वांत कुरूप भाषा कोणती’ या प्रश्नाला गूगलने दुव्यांच्या वरच्या चौकटीत ‘कन्नड’ असे उत्तर दिले. कर्नाटकात संताप उसळला, राज्याच्या मंत्र्यांनी कायदेशीर नोटिशीचा इशारा दिला, कंपनीने उत्तर काढून माफी मागितली. संताप रास्तच होता. पण कोणी बसून कन्नडचा अपमान रचला, हा तर्क टिकत नाही. असल्या प्रश्नावर शहाणा माणूस लिहीतच नाही. मग नेमके तेच शब्द असलेले एखादे फालतू पान स्पर्धेविना जिंकते.

म्हणून कंपनी सुटते का? नाही. ‘जालावर होते ते दाखवले’ हा बचाव लंगडा आहे. दहा दुवे पुढे ठेवणारा ग्रंथपाल असतो. त्यांतले एक वाक्य उचलून ठळक चौकटीत छापणारा संपादक होतो. चौकट ठेवायची की नाही, हे माणसे ठरवतात. जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल, असा इशारा खुद्द पेज-ब्रिन यांच्या १९९८ च्या निबंधात आहे. शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला, तोही कंपनीला, यंत्राला नव्हे.

तेव्हा सिद्धान्त असा. यादी ही यादी म्हणूनच वाचावी. पानाची तारीख आणि लिहिणारा पाहणे हे वाचकाचे काम. चौकटीतले उत्तर मात्र कंपनीचे विधान मानावे आणि त्याचा जाब तिलाच विचारावा. दुव्यांच्या वर आता कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले सारांश येतात; तिथे तर वाक्येही यंत्राचीच असतात. ज्याला उत्तर द्यायची हौस आहे, त्याने उत्तरदायित्वही घ्यावे. ते नको असेल, तर दुवे देऊन बाजूला व्हावे.