पाटी सायकल स्टँडची

बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत पेढ्यांच्या मागोमाग गाडीची गोष्ट येते. शेजारचे भाऊ हातावर पेढा ठेवत म्हणाले, “पोट्टीले ॲडमिशन भेटली, आता गाडी घ्या लागते. गाडीबिगर कॉलेज होते का नागपुरात?” तो प्रश्न नव्हता, तोही निकालच होता. तोंडात पेढा असल्यामुळे मी गप्प बसलो. ते राहिलेलं बोलणं इथे लिहून टाकतो.

गाडीशिवाय कॉलेज होत नाही, असं म्हणणारी माणसं बहुतेक धरमपेठेत, रामनगरात, प्रतापनगरात राहतात. कॉलेज दोन-चार किलोमीटरवर. काटोल, सावनेर, उमरेड, मौद्याची पोरं मात्र रोज एसटीने येतात. एसटी विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत देते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यात प्रवास होतो. पहाटेचा डबा घेऊन निघायचं, गणेशपेठला उतरायचं, तिथून पुढची सोय बघायची. हाल होतात, पण त्यांचं कॉलेज होतं, हजेरीही भरते. चाळीस किलोमीटरवरून जे जमतं ते चार किलोमीटरवरून जमत नाही, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

पुढचा मुद्दा उन्हाचा. नागपूरचं ऊन ही चेष्टा नाही. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण स्कूटीवर काय सावली असते? स्कार्फ, गॉगल, हातमोजे घालून सिग्नलला उभी असलेली मुलगी तितकीच भाजते. गारवा मिळतो तो मेट्रोच्या डब्यात. तरी उन्हाळ्यात काही चौकांत सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात, ती थांबलेल्या गाडीवाल्यांसाठी. बसची वाट बघत तासभर उभं राहणाऱ्याच्या डोक्यावर अनेक थांब्यांवर साधं छप्पर नसतं. सावली कोणाला द्यायची, हे या शहराने असं ठरवून टाकलं आहे.

“मग इलेक्ट्रिक घेऊ,” असं भाऊंनी मागाहून सुचवलंच. घ्या. बर्डीतला धूर तेवढा कमी होईल. पण ती चार्ज होते ती बरीचशी कोळशाच्या विजेवर, आणि कोळसा जळतो तो इथेच, कोराडीला आणि खापरखेड्याला. तिथल्या राखेबद्दल तिथल्या माणसांना विचारा. आणि बॅटरीची गाडी रस्त्यावर, पार्किंगमध्ये पेट्रोलच्या गाडीइतकीच जागा अडवते. अकरावीतल्या पोराच्या हाती सव्वाशे सीसीची गाडी देणाऱ्या बापाशी तर वादच नको. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. पोराने गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता खरा मुद्दा, ज्यापुढे मला आवाज खाली करावा लागतो. “मुलीची जात, संध्याकाळी एकटी कशी येईल?” लायब्ररीतून आठला निघालेली मुलगी मेट्रो स्टेशनवर उतरते आणि पुढचा दीड किलोमीटर अंधाराचा, फुटपाथ पानठेल्याने खाल्लेला, ऑटोवाला मीटरचं नावही काढू देत नाही. ही भीती खोटी नाही. पण स्कूटीने ती जात नाही, तिला फक्त वेग येतो. देशात रस्त्यांवर जीव जातात त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा असतो, तो धोका बाप हिशेबात धरत नाही. आणि जिला गाडी परवडत नाही, तिच्यासाठी तो दीड किलोमीटर तसाच राहतो.

मेट्रोने सगळं सुटलं, असंही मी म्हणणार नाही. कॉलेजांच्या नावाची दोन स्टेशनं या शहरात आहेत, धरमपेठ कॉलेज आणि एलएडी चौक. तिथल्या पोरांना सबबच नाही. पण विद्यापीठाचा परिसर अमरावती रोडवर, तिकडे मेट्रो जात नाही. काटोल रोडलाही नाही. हिंगण्याकडे ती लोकमान्य नगरला संपते आणि वानाडोंगरीची कॉलेजं पुढे उरतात. त्या बाजूच्या विस्ताराला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, पण यंदाच्या पोरांना यंदाच पोचायचं आहे. म्हणून माझं म्हणणं मेट्रोबद्दल नाहीच. ते मधल्या दोन किलोमीटरबद्दल आहे, आणि ते दोन किलोमीटर सायकलचे आहेत. नागपूरच्या मेट्रोत सायकल नेता येते, हे किती कॉलेजांनी नोटीस बोर्डावर लावलं?

मध्यंतरी एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेलो होतो. मागच्या अंगाला पत्र्याची लांब शेड, तिच्यावर उडालेल्या निळ्या रंगात ‘सायकल स्टँड’. खाली हँडलला हँडल अडकलेल्या गाड्या. एक काढायची तर चार सरकवायच्या. सायकल एकच, कोपऱ्यात पाण्याच्या टाकीला साखळीने बांधलेली, ती चौकीदाराची. “पोट्टे नाही आणत का?” विचारलं. “आणत होते दोघं-तिघं. गाड्या अंगावर पडून स्पोक तुटले. मंग सोडून देल्लं.”

पोरं आळशी आहेत म्हणून ओरडणाऱ्या प्राध्यापकांनी त्या पाटीखाली जाऊन उभं राहावं. त्यांची चारचाकी पोर्चच्या सावलीत असते. ती सावली सायकलला द्या. गाडीच्या पार्किंगला पैसे लावा आणि ते पैसे पासाला द्या. पहिला तास ‘आपली बस’ची वेळ बघून लावा, बस पाच मिनिटं उशिरा आली म्हणून गैरहजेरी मांडणारं कॉलेज पोरांना गाडी घ्यायलाच सांगत असतं.

हे सगळं मी अखेर भाऊंना ऐकवलं. ते म्हणाले, “तुम्ही एक दिवस जाऊन दाखवा पहिले.” सोमवार ठरला आहे, सकाळी साडेनऊ, मी, ते आणि पोट्टी. तोवर गाडी बुक करायची नाही, एवढं कबूल झालंय. रंग लाल घ्यायचा की निळा, यावर मात्र त्यांच्या घरी अजून भांडण चालू आहे.