आधी वजन, मग ट्रिम

संक्रांतीला येवल्यात असाल तर रिमोटचं विमान उडवायच्या फंदात पडू नका. भोगी, संक्रांत आणि कर, म्हणजे १३ ते १५ जानेवारी, हे तीन दिवस आभाळ पतंगांचं असतं. गच्चीगच्चीवर हलकडी वाजत असते, आणि मांजा प्रॉपेलरमध्ये गुंतला की खेळ खलास. म्हणून यंदा मी आणि भाचा १६ तारखेपर्यंत थांबलो आणि सकाळी सकाळी गावाबाहेर, लाल कांदा काढून रिकाम्या झालेल्या एका वावरात गेलो. विमान साधंच. फोमचं, पंख वरच्या बाजूला असलेलं, शिकाऊ लोकांसाठीचं. पंखांची लांबी १.२ मीटर, बॅटरीसकट वजन ९०० ग्रॅम.

या विमानाचं नाक जड होतं आणि ते मला माहीत होतं. जास्त वेळ उडावं म्हणून मी मूळच्या छोट्या बॅटरीच्या जागी १८० ग्रॅमची टाकली होती, तीही पार पुढे, मोटरच्या पाठीला चिकटून. हातातून सुटलं की विमान नाक खाली घालायचं. मग मी काय केलं? रिमोटवरचं ट्रिमचं बटण सात-आठ वेळा टिकटिक दाबलं, एलिव्हेटर कायमचा थोडा वर राहिला, विमान सरळ उडायला लागलं. बग क्लोज्ड! वर भाच्याला ज्ञानही पाजलं की नाक जड असलेलं बरं असतं, सेफ असतं.

त्याने चार चकरा छान मारल्या. उतरताना थ्रॉटल कमी केला आणि नाक जे खाली गेलं ते वर आलंच नाही. ढेकळात आपटलं. प्रॉपेलर तुटला, नाक चेपलं. मी ओरडलो, "अरे, स्टिक ओढायची ना!"

"मामा, पूर्ण ओढली होती."

माझा विश्वास बसला नाही. "हात कच्चा आहे अजून," असंही बोलून गेलो. त्याने रिमोट माझ्या हातात दिला आणि जाऊन बाईकवर बसला. परत येताना एक शब्द बोलला नाही.

घरी आलो तर शेजारचे काका दारातच होते. दरवर्षी गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याकडून पतंगाला कणी बांधून घेतात. मोडकं विमान बघून त्यांनी एवढंच विचारलं, "उडवायच्या आधी तोलून पाहिलं होतं का?"

आता हे मला कळायला हवं होतं. लहानपणी हेच तर बघत मोठा झालो. पतंग कणीला धरून लोंबकळत ठेवायचा, कुठल्या बाजूला झुकतो ते बघायचं, हलक्या बाजूला कागदाचा कपटा चिकटवायचा. एका अंगाला झोक खाणारा पतंग दिवसभर दोरी उलट्या बाजूला ओढून कोणी उडवत नाही. मी विमानाच्या बाबतीत नेमकं तेच करत होतो.

विमान तोलणं त्याहून अवघड नाही. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे माप घेऊन दोन्ही बाजूंना खूण करायची आणि तिथे बोटांवर उचलायचं. माझ्या विमानाला सीजी ६० मिलिमीटरवर हवा होता, पंखाच्या रुंदीच्या साधारण ३० टक्क्यांवर. निघाला ३६ वर! एवढं नाक जड असलं की शेपटीला सतत खाली दाबत राहावं लागतं, आणि तो दाबही पुन्हा पंखांनाच उचलावा लागतो. म्हणजे विमान आहे त्यापेक्षा जड असल्यासारखं उडतं आणि ते हवेत टिकायला वेगही जास्त लागतो. उतरताना मोटर बंद, प्रॉपेलरचा वारा बंद, वेग कमी. एलिव्हेटरची काही हालचाल ट्रिमने आधीच खाऊन टाकलेली, उरलेल्याला जोर नाही. पोराने स्टिक पूर्ण ओढली होती, अगदी खरं होतं ते.

गणित पाचवीतलं आहे. ९०० ग्रॅम गुणिले २४ मिलिमीटर, २१,६००. शेपटीला, म्हणजे ६०० मिलिमीटर मागे वजन लावायचं तर ३६ ग्रॅम. पण नवं वजन कशाला? तीच १८० ग्रॅमची बॅटरी १२० मिलिमीटर मागे सरकवली की झालं. आम्ही फोम कापून पंखाखाली जागा केली.

शेपूट जड असलेलं विमान एकदाच उडतं, ही या छंदातली जुनी म्हण मला मान्य आहे. पहिल्या उड्डाणाला सीजी दोन-चार मिलिमीटर पुढे ठेवा, जरूर ठेवा. पण त्या म्हणीच्या आडोशाने २४ मिलिमीटर चालवून घेणं हा निव्वळ आळस आहे. हल्ली तर स्वस्त विमानातही जायरो येतो. तो बिचारा गुपचूप एलिव्हेटर उचलत राहतो आणि नाक जड आहे हे तुम्हाला जमिनीजवळ येईपर्यंत कळतच नाही. कोणी म्हणेल, तेजस तर मुद्दाम अस्थिर बनवलंय आणि कॉम्प्युटर ते सांभाळतो. (आमच्याच जिल्ह्यात, ओझरला आता ते तयार होतं.) बरोबर, पण तिथे ती अस्थिरता हिशोब करून ठेवलेली आहे, बॅटरी कुठे मावली यावरून ठरलेली नाही. राइट बंधूंचा रोग उलटा होता, त्यांचं यंत्र मागे जड. १९०४ साली त्यांनी नाकाला ७० पौंड लोखंड बांधलं. स्वतः उडवणारी माणसं होती ती, तरी सगळा भार हातावर टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी नवा प्रॉपेलर लावून पुन्हा वावरात. भाचा यायला तयार नव्हता. आधी सॉरी म्हणालो, मग आला. मी विमान उंच नेलं, ट्रिम मधोमध, नाक उतारावर धरलं आणि स्टिक सोडली. नाक जड असतं तर ते एकदम वर झेपावलं असतं, शेपूट जड असतं तर आणखी खाली गेलं असतं. ते सावकाश, आळसावल्यासारखं सरळ झालं. मग रिमोट त्याच्याकडे दिला.

तीनदा उतरवलं त्याने. तिसऱ्यांदा चाकं टेकल्यावर म्हणाला, "मामा, अजून दोन मिलिमीटर मागे घेऊन बघायचं?"

मी म्हटलं, "आज नको."

विमान घेऊन तो पुढे चालायला लागला आणि चालता चालताच बोटांवर तोलून बघत होता.