टोमॅटोच्या पाण्याचा रिपोर्ट आहे, पोराच्या पाण्याचा कुठाय?

आज जरा कडू लिहितोय.

भोर-वेल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव, एवढी धरणं आपल्या उशाला. भाटघरवर बारामती-फलटणचा ऊस पोसतो, पानशेतचं पाणी पुणं पितं, आणि एप्रिल लागला की वरच्या वाड्यांवर टँकर. हे रडगाणं जुनंच. माझं भांडण त्यावरच्या तोडग्याशी आहे: "घ्या बोअर, चारशे फूट!" पाणी लागलं की नारळ फुटतो, टाकी भरते, विषय संपला. त्या पाण्यात काय आहे, हे कुणी विचारत नाही.

फ्लोराईडचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "तो यवतमाळकडचा विषय." हो, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागानं ते भोगलंय. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, ऐन उमेदीत आखडलेली पाठ अन् गुडघे. एकदा हाडात बसलं की त्यावर औषध नाही. आणि ते पाणी प्यायला लावणारे हातपंप उघड्या विहिरीपेक्षा चांगले म्हणूनच बसवले होते.

आपल्या काळ्या पाषाणात, उथळ विहिरीत फ्लोराईड सहसा कमीच असतं. पण खोल फटीतलं पाणी वर्षानुवर्षं खडकात मुरलेलं असतं. त्यातलं कॅल्शियम घटतं, सोडियम आणि बायकार्बोनेट वाढतं, सामू चढतो; अशाच पाण्यात फ्लोराईड विरघळून राहतं. कृषी पदवीधर मित्रांनो, हे वर्णन ओळखीचं वाटतंय ना? रिपोर्टवर आरएससी जास्त, कॅल्शियम कमी दिसलं की तुम्ही ठिबक चोंदेल म्हणून ॲसिड सांगता, जमिनीला जिप्सम सांगता. टोमॅटोची काळजी झाली. त्या घरची माणसं तेच पाणी पितात का, हे विचारलंत कधी? सिंचनाच्या पाण्याच्या नेहमीच्या रिपोर्टात फ्लोराईडचा रकानाच नसतो, म्हणून तो आपल्या डोक्यातही नसतो.

ग्रामपंचायतीत गेलं की हिरवं कार्ड दाखवतात. अहो, ते कार्ड स्रोताभोवतीची घाण, गळती, टीसीएल पावडर बघून देतात. जुलाब होणार नाहीत एवढाच त्याचा अर्थ. टीसीएलनं फ्लोराईड जात नाही. उकळून तर नाहीच, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. चवीला, वासाला, रंगाला काही कळत नाही.

"उगा घाबरवतोस," म्हणणारे येतीलच कमेंटमध्ये. बोअरच्या एका केसिंग पाईपाच्या पैशात तपासणी होते, दादा. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच बायांना तपासणी किट वापरायला शिकवायचं ठरलंय. तुमच्या गावातलं किट कपाटात पडलंय की वापरात, ते ग्रामसभेत विचारा. आणि बोअरच्या आधी झरा बांधून घ्या, जुनी विहीर उपसा. राजगड-तोरण्यावर टाकी खोदून पावसाचं पाणी साठवणारे आपलेच पूर्वज ना?

नमुना नेताना बोअर पाच-दहा मिनिटं चालू द्या. बाटली प्लास्टिकची घ्या, काचेची नको, फ्लोराईड काचेला धरतं. त्याच पाण्यानं दोनदा विसळून भरा. बाटलीवर बोअरची खोली आणि तारीख लिहा आणि लॅबवाल्याला "फ्लोराईड" असं तोंडानं सांगा, नाहीतर तो पुन्हा टोमॅटोचाच रिपोर्ट देईल.