मशीन नंतर, आधी फिल्म

गेल्या काही वर्षांपासून अमरावती-अकोल्याच्या छपाईच्या धंद्यात एकच शब्द ऐकू येतो, डीटीएफ. मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेले तरुण भेटले की विचारतात, "कोणती मशीन घेऊ?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, मशीन घ्यायची वेळ आली आहे का? माझं मत मी आधीच सांगून टाकतो. ज्याच्या हातात रोजचं काम नाही, त्याने मशीन घेऊ नये. त्याने फक्त हीट प्रेस घ्यावा आणि छापलेली फिल्म मीटरवर विकत आणावी.

ज्यांना हे तंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात चित्र थेट कपड्यावर छापत नाहीत. पारदर्शक फिल्मवर आधी रंगीत शाई आणि तिच्यावर पांढरी शाई मारतात. शाई ओली असतानाच गोंदाची बारीक पावडर टाकून ती ओव्हनमध्ये वितळवतात. मग ही फिल्म कपड्यावर ठेवून साधारण १५० ते १६० अंशांवर १०-१५ सेकंद दाबतात. फिल्म सोलली की चित्र कपड्यावर उतरलेलं असतं. सुती असो की पॉलिस्टर, काळा असो की पांढरा, कपडा चालतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन करावी लागते, त्यामुळे दोन-चार टी-शर्टचं काम परवडत नाही. सब्लिमेशन फक्त पॉलिस्टरवर आणि तेही फिक्या रंगावर उठतं. डीटीएफने या दोन्ही अडचणी सोडवल्या. तंत्र चांगलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अडचण आपल्या बाजाराच्या स्वभावात आहे. वऱ्हाडात टी-शर्टचं काम बारमाही नाही. भीमजयंती, गणपती, ईद-ए-मिलाद, शाळेचं स्नेहसंमेलन, क्रिकेटच्या स्पर्धा आणि निवडणुका, एवढ्या वेळी ऑर्डरी येतात. अकोल्यात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराच्या मंदिरात कावडी येतात, तेव्हाही मंडळाला एकसारखे टी-शर्ट हवे असतात आणि तेही दोन दिवसांत. कावडीचा टी-शर्ट आणि मिलादचा टी-शर्ट एकाच टेबलावर छापला जाऊ शकतो, हे मला या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. पण हे दिवस संपले की आठवडेच्या आठवडे सामसूम असते.

आणि या मशीनला सामसूम चालत नाही. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते जड असल्यामुळे शाई उभी राहिली की तळाशी बसतं, नळ्यांत आणि प्रिंट हेडमध्ये साचतं. शाई हलती ठेवावी लागते, रोज थोडं तरी छापावं लागतं, नोझल तपासावे लागतात. चार दिवस मशीन झाकून गावी गेलात, तर परत आल्यावर हेड बंद पडलेलं असू शकतं. हेड हा मशीनचा महाग भाग आणि त्याच्यावर सहसा वॉरंटी नसते. ग्राहक नसताना छापत राहायचं तर शाई-फिल्मचा खर्च आपल्या खिशातून जातो.

आता हिशेब मांडू. आकडे मी समजायला सोपे घेतो, तुम्ही तुमच्या दुकानाचे घाला. मशीन, प्रेस, यूपीएस आणि पहिली शाई-फिल्म मिळून ४ लाख रुपये लागले असं धरा. ते ३ वर्षांत वसूल करायचे तर महिन्याला सुमारे ११ हजार. चालवणाऱ्या मुलाचे १२ हजार. वीज आणि देखभाल ३ हजार. झाले २६ हजार. समजा तयार फिल्म बाहेरून २०० रुपये मीटरने मिळते आणि स्वतः छापली तर शाई, फिल्म, पावडर मिळून १०० रुपये पडतात. म्हणजे स्वतःच्या मशीनवर मीटरमागे १०० रुपये वाचतात. २६ हजार भरून काढायला महिन्याला २६० मीटर, कामाचे २६ दिवस धरले तर रोज १० मीटर छपाई हवी. ६० सेंटिमीटर रुंद फिल्मच्या एका मीटरवर छातीवरचे ६ मोठे प्रिंट बसतात. याचा अर्थ रोज ६० टी-शर्ट, सुट्टीचा सिझन असो की पाऊस असो. त्याहून कमी काम असेल तर बाहेरची फिल्मच स्वस्त आहे.

म्हणून सुरुवात प्रेसपासून करा. डिझाइन शिका. एका मीटरवर लहान-मोठी चित्रं दाटीने कशी बसवायची ते शिका, कारण मोकळ्या सोडलेल्या जागेचेही पैसे लागतात. फिल्म नागपूरहून, सुरतेहून पार्सलने येते. अमरावती-अकोला हे अंतर तर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेरचं. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नोंद झाली होती. रस्ता आहे, एसटी आहे. एका शहरात मशीन असेल तर दुसऱ्या शहरातल्या दुकानाला संध्याकाळी फिल्म मिळू शकते. प्रत्येक गल्लीत मशीन असण्याची गरज नाही.

सहा महिने लागोपाठ रोजचं काम मिळालं, तर मशीन जरूर घ्या. तेव्हा मात्र चार गोष्टी पाहा.

पहिली, हेड. एपसनचा घरगुती एल १८०० प्रिंटर बदलून केलेली मशीन स्वस्त पडते, पण प्रिंटर उघडून बदलला की कंपनीची वॉरंटी गेली. एक्सपी ६०० हेडच्या मशीन मधल्या किमतीच्या, वेग कमी आणि हेडचं आयुष्यही कमी. आय ३२०० महाग, पण वेगवान आणि टिकाऊ. काम किती आहे त्यावरून हेड ठरवा, शेजारच्याने काय घेतलं त्यावरून नको.

दुसरी, नमुना. विक्रेता वाघाचं नाहीतर पोपटाचं झगझगीत चित्र छापून दाखवतो. ते कुठल्याही मशीनवर छान दिसतं. तुम्ही तुमची फाइल घेऊन जा. त्यात देवनागरीच्या वेलांट्या आणि अनुस्वार असू द्या, उर्दू नस्तालिकचे नुक्ते असू द्या. बारीक रेघेवर पावडर नीट धरत नाही आणि पहिल्या धुण्यातच नुक्ता गळून पडतो. आपल्याकडे मंडळाचं नाव आणि बोधवाक्य छापायचं असतं, तिथे टिंब गेलं तर शब्दच बदलतो. नमुना घरी आणा, दहा वेळा धुवा, ताणून पाहा, मग बोला.

तिसरी, मिस्त्री. बंद पडल्यावर कोण येणार, कुठून येणार, किती दिवसांत? डॅम्पर, कॅपिंग, पंप हे सुटे भाग नागपुरात मिळतात की चीनहून मागवावे लागतात? शाई त्याच विक्रेत्याकडून घ्यायची सक्ती आहे का? सॉफ्टवेअरचा परवाना तुमच्या नावावर आहे का? हे सगळं जीएसटीच्या पक्क्या बिलासोबत लेखी घ्या. तोंडी दिलेला शब्द मशीन बंद पडल्यावर कामाला येत नाही.

चौथी, हवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. टिनाच्या खोलीत नोझलवरच शाई सुकते. कूलर लावला तर ओलावा मिळतो, पण त्याचा झोत मशीनवर आला तर पावडर उडते आणि ओली होऊन गुठळ्या धरते. पावसाळ्यातही पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी लागते. यूपीएस आणि चांगलं अर्थिंग हवंच. शिवाय ओव्हनमधून धूर निघतो. आपल्याकडे पुष्कळदा घराच्या पुढच्या खोलीतच दुकान असतं आणि मागे मुलं झोपलेली असतात. धूर बाहेर फेकणारा पंखा आणि पावडर हाताळताना तोंडाला मास्क यांत काटकसर करू नका.

राहिला पैशाचा प्रश्न. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याक आणि महिला विशेष प्रवर्गात येतात. स्वतःचा वाटा ५ टक्के, अनुदान शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. पण अनुदान हातात मिळत नाही, ते ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. म्हणजे ३ वर्षं धंदा जिवंत ठेवावा लागतो. बंद हेडची मशीन आणि चालू हप्ता ही घराला खाली ओढणारी गोष्ट आहे. अनुदान मिळतं म्हणून मशीन घेणं मला पटत नाही.

व्याजाबद्दल आपल्यात मतभेद आहेत, तो वाद मी इथे काढत नाही. ज्याला व्याज टाळायचं आहे, त्याच्यासाठी भागीदारीचा रस्ता आहे आणि ज्याला व्याजाची अडचण नाही त्यालाही तो फायद्याचाच आहे. चार प्रेसवाल्यांनी मिळून एक मशीन घेतली, तर चौघांची मिळून रोज १० मीटर छपाई सहज निघते. मशीनही झोपत नाही. हिस्से किती, नफा कसा वाटायचा, हेड गेलं तर खर्च कोणाचा, हे स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, हा हुकूम आपल्याला काही नवा नाही.

या भागीदारीत एक हिस्सा जुन्या स्क्रीन प्रिंटरचा ठेवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एकाच रंगात तीनशे टी-शर्ट छापायचे असतील तर आजही स्क्रीन स्वस्त आहे. कोणता कपडा आटेल, कोणत्या कापडाचा रंग प्रेसखाली वर येईल, हे त्या माणसाला हात लावून कळतं. आपल्या मोहल्ल्यांत अशी माणसं आज कामाविना बसलेली आहेत आणि त्यांच्या शेजारची मुलं कर्ज काढून मशीन घ्यायला निघाली आहेत. विक्रेत्याला फोन लावण्याआधी त्या मुलांनी अशा एखाद्या चाचांच्या दुकानात आठवडाभर बसावं. त्यानंतरही मशीन घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्यावी.