दणकट मोटार म्हणजे काय?

मधल्या सुटींत आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांमध्यें एक वाद अलीकडे वारंवार रंगलेला दिसतो. जर्मनीच्या मोटारी अधिक दणकट कीं जपानच्या, अमेरिकेची अवजड गाडी बरी कीं आपल्याकडील लहान गाडी, असा तो वाद असतो. त्यांत अभिनिवेश पुष्कळ. आणि पुरावा म्हणून पुढें केला जातो तो बहुधा बोनेटवर टिचकी मारून काढलेला आवाज. पत्रा जाड वाजला कीं गाडी दणकट, पातळ वाजला कीं तें डबडें! पालकवर्गांतही हीच कसोटी प्रचलित असून गाडी विकत घेतेवेळीं ती लाविली जाते. म्हणून तिच्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें. हा प्रश्न केवळ मुलांच्या चढाओढीचा नाहीं. आपलीं मुलें ज्या गाडींत बसून रोज शाळेंत येतात तिची पारख कशी करावी, हा तो प्रश्न आहे.

मोटार ज्या देशांत जन्मास येते तेथील रस्ता, तेथील हवा व तेथील लोकांची मिळकत ह्यांचा ठसा तिच्या अंगावर उमटलेला असतो. त्यामुळें सर्वांत दणकट मोटारी कोणत्या देशाच्या, हा प्रश्नच आम्हांस अर्धवट वाटतो. कोणत्या रस्त्यासाठीं, हें आधीं विचारलें पाहिजे. इटलींतील फियाट कंपनीची १२४ ही गाडी १९६७ सालची युरोपांतील सर्वोत्कृष्ट मोटार ठरली होती. तीच गाडी सोव्हिएत रशियानें आपल्याकडे बनविण्यासाठीं निवडली, आणि व्होल्गाकांठच्या तोल्यात्ती शहरीं उभारलेल्या कारखान्यांतून १९७० सालीं ती बाहेर पडूं लागली. परंतु तत्पूर्वीं रशियन रस्त्यांवर तिची परीक्षा झाली, आणि इटलीच्या गुळगुळीत रस्त्यांवर वाढलेलें हें पोर तेथील खड्ड्यांपुढें टिकेना. तेव्हां पत्रा जाड करण्यांत आला. गाडी जमिनीपासून अधिक उंच घेतली. मागील चाकांचे डिस्क ब्रेक काढून ड्रम ब्रेक बसविले, कारण चिखल व खडी ह्यांत ते अधिक काळ तग धरीत. कडाक्याच्या थंडींत बॅटरी निकामी झाली तर हातानें फिरवून इंजिन चालू करतां यावें, म्हणून हँडलही दिलें. असे शेंकडों फेरफार झाले. आतां ही गाडी नाजूक म्हणावी कीं दणकट? रोमच्या रस्त्यावर तो जाड पत्रा म्हणजे पेट्रोल जाळणारें ओझें. रशियांतील खेड्याच्या वाटेवर तोच पत्रा म्हणजे गाडीचें आयुष्य. (जातां जातां सांगावयाचें तर, ह्याच १२४ ची घडण पुढें मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यानें 'प्रीमियर ११८ एनई' ह्या नांवानें आपल्याकडेही विकली. पालकांपैकीं कांहींस ती आठवत असेल.)

पण खडतर रस्त्यावर टिकावयास पत्रा जाडच लागतो, असेंही नाहीं. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीचे प्रमुख बूलांजे ह्यांनीं आपल्या यंत्रविशारदांपुढें एक विलक्षण मागणी ठेविली होती. दोन शेतकरी व पन्नास किलो बटाटे घेऊन ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाईल अशी स्वस्त गाडी करा; आणि अंड्यांची टोपली ठेवून ती नांगरलेल्या शेतांतून नेली तरी त्यांतील अंडें फुटतां कामा नये! मध्यंतरीं महायुद्ध आलें, त्यामुळें ही गाडी १९४८ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. तिचें इंजिन अवघें ३७५ सीसी व ९ अश्वशक्तीचें, बोनेटचा पत्रा इतका पातळ कीं त्यास ताठपणा यावा म्हणून पन्हळ पाडलेले, छप्पर कापडाचें. टिचकीच्या परीक्षेंत ती तत्काळ नापास झाली असती. तथापि तिचीं चाकें खड्ड्यावरून जातांना वरखालीं हलत, व धक्का स्प्रिंगांतच जिरून जाई. तो सांगाड्यापर्यंत पोंचेल तेव्हां सांगाडा खिळखिळा होणार ना? जड गाडी खड्ड्याशीं झुंजते, ही त्याच्याशीं जमवून घेई. १९९० पर्यंत ती तयार होत होती.

आपल्याकडील ॲम्बॅसिडर ही मूळची इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालमधील उत्तरपाडा येथें ती २०१४ पर्यंत तयार होत राहिली, व तिचा लौकिक अर्थातच दणकटपणाचा. पण ती वाटेंत कधीं बंद पडत नसे, असें कोणी जुना मोटारवाला म्हणणार नाहीं. बंद पडली तर कोणत्याही गांवचा मिस्त्री पाना व हातोडा घेऊन ती चालू करी, असें तो म्हणेल. सुटे भाग जेथें तेथें मिळत आणि रचना वर्षानुवर्षें तीच राहिल्यामुळें हाताखालचा पोरही ती ओळखी. ह्या लौकिकाचा निम्मा वांटा आम्ही तरी त्या मिस्त्र्यांस देऊं. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली. वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास, इंजिन ७९६ सीसीचें, मूळ घडण जपानच्या सुझुकीची. तिच्या पातळ पत्र्यास पाहून टिचकीवाल्यांनीं नाकें मुरडलीं, आणि मग तीच गाडी आमच्या घाटांतून तीस वर्षें चढली व उतरली. तिचें उत्पादनही २०१४ सालींच थांबलें.

येथवर आम्हीं गाडी टिकण्याविषयीं बोललों. परंतु माणूस टिकणें ही गोष्ट वेगळी आहे. 'दणकट' ह्या एका शब्दानें आपण दोन्ही गोष्टी एकत्र करितों, आणि खरा धोका येथेंच आहे.

अमेरिकेंतील विमाकंपन्यांनीं चालविलेल्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनें आपल्या पन्नासाव्या वर्षीं, म्हणजे २००९ सालीं, एक प्रयोग केला. १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर ही लांबरुंद पोलादी गाडी व त्याच कंपनीची २००९ सालची मॅलिबू ह्यांची ताशीं चाळीस मैल वेगानें समोरासमोर टक्कर घडवून आणिली. जुन्या गाडीचा जाड पत्रा पाहून कोणीही तिच्यावर पैज लाविली असती. परंतु तिची बसण्याची जागाच चेपली, स्टिअरिंग मागें सरकलें, व आंतील पुतळ्याच्या जागीं जिवंत चालक असता तर तो दगावला असता, असा निर्णय निघाला. नव्या गाडीचें नाक पार चुरगळलें, पण बसण्याची जागा शाबूत राहिली. चालकास फार तर पायाची दुखापत झाली असती.

ह्यांत जादू कांहीं नाहीं. वेगानें येणारा चेंडू झेलतांना क्षेत्ररक्षक हात मागें घेतो, हें आमच्या प्रत्येक क्रिकेटवीरास ठाऊक आहे. जो वेग दहा सेंटिमीटरांत थांबवावयाचा तोच साठ सेंटिमीटरांत थांबविला, तर अंगावर येणारें सरासरी बल सहाव्या हिश्श्यावर येतें. गाडीचें नाक मुद्दाम चुरगळूं द्यावें व माणसांची जागा मात्र घट्ट ठेवावी, ही कल्पना मर्सिडीज कारखान्यांतील बेला बारेनी ह्या अभियंत्यानें १९५१ सालीं पेटंटासाठीं मांडली, व १९५९ सालीं ती प्रत्यक्ष गाडींत उतरली. त्याच वर्षीं स्वीडनच्या व्होल्वो कंपनीनें नील्स बूलिन ह्यानें तयार केलेला, खांद्यावरून व कमरेवरून जाणारा पट्टा गाड्यांत बसविण्यास आरंभ केला, आणि त्याचें पेटंट इतर सर्व कारखानदारांस मोकळें ठेविलें. चुरगळलेलें नाक पाहून "काय ही तकलादू गाडी!" असें रस्त्यावर उभे राहून म्हणणाऱ्या गृहस्थांस आमचें विचारणें एवढेंच, कीं आंतील माणसें कोठें आहेत? तीं जर शेजारीं उभीं राहून टेलिफोन करीत असतील, तर गाडीनें आपलें काम चोख केलें आहे.

कोणी म्हणेल, मग वजनाचा कांहींच प्रभाव नाहीं काय? आहे. दुप्पट वजनाची गाडी हलक्या गाडीवर आदळली, तर हलक्या गाडीच्या वेगांत होणारा बदल दुप्पट असतो. पदार्थविज्ञान येथें कोणाची भीड ठेवीत नाहीं. म्हणूनच जपाननें आपल्या ६६० सीसीच्या चिमुकल्या 'केई' गाड्यांची मर्यादा १९९८ सालीं वाढविली, तेव्हां इंजिनास हात लाविला नाहीं, लांबी ३.३० मीटरांवरून ३.४० व रुंदी १.४० वरून १.४८ केली. हे चार बोटांचे फरक टक्कर सोसण्यासाठीं होते. परंतु स्वतःच्या मुलांसाठीं अवजड गाडी घेणें म्हणजे समोरून येणाऱ्या लहान गाडींतील मुलांवर तो धोका ढकलणें, हेंही स्पष्ट बोललें पाहिजे. सर्वांनींच जडावर जड गाडी घ्यावयाचें ठरविलें, तर शर्यत कोठें थांबणार?

शिवाय लहान गाडी असुरक्षितच असते, हेंही खरें नव्हे. जानेवारी २०१४ मध्यें ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लहान गाड्यांच्या टक्कर-परीक्षेचा निकाल जाहीर केला. ताशीं ६४ किलोमीटरच्या त्या परीक्षेंत पांचांनाही शून्य तारे मिळाले. त्यांत फोक्सवॅगन पोलोही होती. तिचा सांगाडा उत्तम टिकला, पण एअरबॅग नसल्यामुळें माणूस वांचेना. तीच पोलो दोन एअरबॅगांसह परीक्षेस बसविली तेव्हां तिला चार तारे मिळाले. लांबी तीच, पत्रा तोच. २०१८ च्या डिसेंबरांत पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार होणाऱ्या, चार मीटरांहून आंखूड अशा टाटा नेक्सॉनला पांचही तारे मिळाले. आतां १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या सरकारची स्वतःची 'भारत एनकॅप' परीक्षा चालू झाली आहे, व तिचे निकाल कोणासही पाहतां येतात. ते पाहावयास टिचकीहून थोडा अधिक वेळ लागतो.

परंतु हे तारे पट्टा बांधलेल्या पुतळ्यांस मिळालेले असतात. शाळेच्या फाटकापाशीं सकाळीं ज्या गाड्या थांबतात, त्यांच्या मागील आसनावर चार-चार मुलें दाटीनें बसलेलीं असतात, एखादें पुढें आईच्या मांडीवर. मागें बसणाऱ्यानेंही पट्टा बांधावा असा नियम आहे, व चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यावांचून नेल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें एक हजार रुपये दंड आहे. पुष्कळ गाड्यांत हे मागील पट्टे नव्या सीटकव्हराखालीं कोंबलेले आढळतात. ते बाहेर काढण्याचें काम पालकांनीं येत्या रविवारीं मुलांकडेच सोंपवावें. त्यास पाना लागत नाहीं, कीं मिस्त्रीही लागत नाहीं.