विश्लेषण : ओपन सोर्समधील ‘पॅच’ तपासतो कोण? ‘एक्सझेड’ प्रकरणाचा धडा काय?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये कोणीही सुधारणा सुचवू शकतो. ती स्वीकारणारा मात्र अनेकदा एकटा आणि बिनपगारी असतो. मार्च २०२४ मध्ये उघड झालेल्या ‘एक्सझेड’ प्रकरणात याचाच गैरफायदा घेतला गेला.

पॅच म्हणजे काय?

कोडमध्ये कुठली ओळ बदलली, हे दाखवणारी फाइल म्हणजे पॅच. प्रकल्प सांभाळणारा मेंटेनर ती वाचतो, चाचणी घेतो आणि मगच बदल मूळ कोडमध्ये घेतो.

नेमके काय घडले?

‘एक्सझेड’ हे लिनक्सवर फाइल्सचा आकार कमी करणारे सॉफ्टवेअर. ‘जिया टॅन’ या नावाने २०२१ पासून त्यासाठी उपयुक्त पॅच येऊ लागले. पॅच स्वीकारायला उशीर होतो, अशी तक्रार करत काही अनोळखी खात्यांनी मेंटेनरवर दबाव आणला. हळूहळू टॅनकडेच अधिकार गेले. फेब्रुवारी २०२४ मधील ५.६.० आवृत्तीत सर्व्हरमध्ये शिरण्याचा चोरदरवाजा दडवला गेला. त्याचा कोड चाचणीच्या फाइल्समध्ये लपवला होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकले आणि बिंग फुटले.

मग उपाय काय?

चांगले पॅच पाठवणे हा विश्वासार्हतेचा पुरावा ठरत नाही. प्रत्येक बदल दुसऱ्या व्यक्तीनेही तपासणे, चाचणीच्या फाइल्स आणि प्रत्यक्ष वितरित होणारी आवृत्ती पडताळणे आवश्यक आहे. पण त्यासाठी माणसे लागतात. फुकटच्या कोडवर व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी त्या माणसांचा खर्च उचलला नाही, तर पुढच्या वेळी तो अर्धा सेकंद कोणाच्या लक्षात येईलच असे नाही.